साक्षीच्या पट्ट्या

पुरावा फार चांगला होता. शंकाला खुपत होते ते तेवढेच.

लहानपणापासून प्रत्येक विधानाला ‘कशावरून?’ असे विचारल्यामुळे घराने तिचे खरे नाव बाजूला ठेवून हे नाव दिले होते. वयाच्या चौतिसाव्या वर्षी, शहराच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत वरिष्ठ तपासनीस झाल्यावरही ते सुटले नव्हते. शनिवारी दुपारी प्रयोगशाळा रिकामी असताना तिने घरून आणलेली पत्र्याची पेटी उघडली आणि आजोबांच्या पट्ट्या टेबलावर वर्षवार मांडल्या. प्रत्येक पट्टी वीतभर लांब, चार बोटे रुंद, पांढऱ्या सुती कापडाची. कोपऱ्यात लाल दोऱ्याने भरलेला महिना आणि वर्ष. विहिरीचे पाणी आणि साधा साबण घेऊन दर महिन्याच्या एक तारखेला एक पट्टी धुवायची, वाळवायची आणि पेटीत ठेवायची, असा धुलाईघराचा नियम होता. तो छप्पन्न वर्षे चुकला नव्हता. घरात या तुकड्यांना साक्षीच्या पट्ट्या म्हणत. आजोबांना साक्ष हवी होती ती एकाच गोष्टीची: वरच्या दलदलीत चर खोदून तिचे पाणी काढून दिले हे आपण बरोबर केले, याची.

दलदलीचे पाणी चहासारखे तांबूस असे, आणि ज्याचे पोट पांढऱ्या चादरींवर चाले त्याने तांबूस पाण्याशी वैर धरावे हे समजण्यासारखे होते. चर खोदल्यावर दलदल आटली, तिला ‘कोरडी’ हे नाव पडले, आणि खालच्या विहिरीचे पाणी काचेसारखे नितळ झाले. पुढे ते हळूहळू खोल गेले आणि जडही झाले, इतके की साबणाला फेस येईना. पण पट्टीवरची तांबूस छटा गेली होती, आणि आजोबा पट्टीत फक्त तेवढेच पाहत.

शंकाने मात्र त्या पट्ट्यांचा पांढरेपणा उपकरणाने मोजला होता. पहिल्या सत्तेचाळीस वर्षांच्या पट्ट्या जवळजवळ सारख्याच शुभ्र होत्या. नंतरच्या नऊ वर्षांच्या एकाएकी करड्या. आणि नऊ वर्षांपूर्वीच धाकट्या काकांनी, ज्यांना सगळे ठेकेदार म्हणत, बॉयलरच्या खोलीत पुराचे पाणी शिरले म्हणून यंत्र लावून तो चर हातभर आणखी खोल केला होता. कारण आणि परिणाम खांद्याला खांदा लावून उभे होते. पंधरा दिवसांपूर्वी तिने हे मोठ्या काकांना उत्साहाने सांगून टाकले. ते तिचे चुकले होते.

आज तिने अतिनील दिवा लावला तो निव्वळ सवयीने. दिव्याखाली नव्या पट्ट्या मळकट राहिल्या आणि जुन्या निळसर उजळल्या. तिने दिवा बंद केला, काच पुसली, पुन्हा लावला. जुन्या पट्ट्या पुन्हा उजळल्या. कपड्यांना चकाकी आणणारी पावडर अशी उजळते, आणि ती पावडर धुलाईघरात बारा वर्षांपूर्वी आली होती. पन्नास वर्षांपूर्वीच्या पट्टीवर ती असण्याचा एकच मार्ग होता. सत्तेचाळीस वर्षांच्या साक्षी कधीतरी एकत्र आंघोळ करून आल्या होत्या.

कोरडीचे काय करायचे ते ठरवायची बैठक दुसऱ्याच दिवशी दुपारी तीनला होती. कोरडी थोरल्यांच्या, म्हणजे मोठ्या काकांच्या, नावावर होती, त्यामुळे सही त्यांची एकट्यांची. पण घरातल्यांना बसवून घेतल्याशिवाय ते साधा गठ्ठाही उघडत नसत. ठेकेदाराला कोरडीवर इमारतींचा राडारोडा टाकून गोदाम उभारायचे होते, आणि त्याचे ट्रक सोमवारी सकाळी निघायचे होते. शंकाला चर अडवून दलदल परत आणायची होती. थोरल्यांनी दोघांनाही एकच उत्तर दिले होते: पट्ट्यांवरून विहिरीचं काही सिद्ध झालं तर चर अडवू, नाहीतर ट्रक येऊ देत.

*

रविवारी सकाळी आत्या धुलाईघरामागच्या दोऱ्यांवर चादरी टाकत होती. शंका पेटी घेऊन आली तेव्हाच तिने ओळखले, कारण पेटी उघडी होती आणि मुलगी हसत नव्हती.

“आत्या, पट्ट्या कधी धुतल्यास?”

“दर एक तारखेला. दहा वर्षांची असल्यापासून. हा काय प्रश्न झाला?”

“त्या नाही. सगळ्या. एकदम.”

आत्याने चादरीचे दुसरे टोक दोरीवर टाकले, काठाला काठ जुळवला, चिमटा लावला. कोणाला कधी कळेल असे तिला वाटलेच नव्हते, कारण काम चांगले झाले होते.

“आई गेली त्या आठवड्यात,” ती म्हणाली. “भेटायला माणसं येणार म्हणून लाँड्री बंद. हाताला काम नाही. मी पेटी उघडली, तर काय गं ते! पहिल्या पहिल्या तांबूस, मग पिवळट, मग राखेसारख्या. आपल्या घरात! वर माझ्या हाताने घातलेले आकडे. म्हटलं, उद्या मी गेले तर लोक पेटी उघडून म्हणतील, हिने जन्मभर असे कपडे धुतले.”

“पाचशेहून जास्त पट्ट्या होत्या.”

“तीन दिवस लागले. चकाकीची पावडर घातली. थोडी नीळ. इस्त्रीही केली.”

“इस्त्री दिसली मला.”

“चांगली आहे ना?”

“फार चांगली आहे,” शंका म्हणाली आणि उलट्या ठेवलेल्या टोपलीवर बसली. “आता त्या कशाच्याच साक्षी नाहीत, आत्या. तांबूस होत्या ते गेलं. कधीपासून करड्या व्हायला लागल्या तेही गेलं. उरलं एवढंच, की नऊ वर्षांपूर्वी या घरात कोणीतरी मनापासून कपडे धुतले.”

“पण तू म्हणतेस ते खरंच आहे की. पाणी जड झालंय. माझ्या बोटांना कळतं. पूर्वी दोनदा खळबळलं की साबण सुटायचा, आता चारदा केलं तरी चिकट. हॉस्पिटलने तिसऱ्यांदा गठ्ठा परत पाठवलाय.”

“आज पाणी जड आहे, हे मीसुद्धा मोजलंय. ते पूर्वी किती जड होतं आणि चरामुळेच झालं का, हा प्रश्न आहे. दलदल पावसाचं मऊ पाणी धरून ठेवायची आणि ते सावकाश मुरून विहिरीत यायचं, आता ते चरातून पळून जातं आणि विहीर खालच्या खडकातलं पाणी ओढते, असं मला वाटतं. पण वाटणं वेगळं.”

आत्याने आजूबाजूला पाहिले. दोन चादरींच्या मध्ये त्या दोघींखेरीज कोणी नव्हते.

“हे बघ. दादा आज सही करायच्या तयारीत आहे. तू गप्प बस, मी गप्प बसते. खऱ्याला खोट्याचा जरासा टेकू मिळाला तर कुठे बिघडलं?”

“आणि धाकटे काका? त्यांनी चर खोल केला म्हणून विहीर बिघडली, असं ठरेल. आयुष्यभर.”

“त्याची पाठ रुंद आहे,” आत्या म्हणाली.

शंकाने पेटीचे झाकण लावले. ती उठून निघून गेली तेव्हा आत्याच्या ध्यानात आले की दोरीवरची चादर तिने उलटी टाकली होती. असे तिच्या हातून वर्षानुवर्षे झाले नव्हते.

*

इस्त्रीच्या लांब खोलीत रविवारी रोलर बंद असत, त्यामुळे बोलणे ऐकू येई. थोरले टेबलाच्या डोक्याशी बसले. एका हाताशी ठेकेदाराचा कागद, दुसऱ्या हाताशी पाणथळ संवर्धन विभागाचा, मध्ये पेन. मागच्या भिंतीवर वडिलांनी स्वतः रंगवलेली पाटी होती. अक्षरे इतक्या वेळा गिरवली गेली होती की मूळ अक्षर कुठे होते ते सांगता आले नसते: डाग ओळखू येईपर्यंत थंड पाणी.

थोरल्यांचे वय एकाहत्तर होते. हॉस्पिटलचा परत आलेला गठ्ठा त्यांनी मुद्दाम टेबलाच्या कडेला ठेवला होता. आणखी एकदा असा गठ्ठा आला तर काम दुसरीकडे जाईल असे मेट्रनने फोनवर सांगितले होते. ते त्यांनी अजून कोणाला सांगितले नव्हते, आणि आता सांगितले.

“दादा, म्हणून तर म्हणतो,” ठेकेदार म्हणाला. अठ्ठावन्न वर्षांचा, उंच, बसला तरी उभा वाटणारा माणूस. “लाँड्रीचं काही खरं नाही. गोदाम झालं तर घराला आधार होईल. नाहीतरी ती जमीन काय करते? चार महिने चिखल, आठ महिने गवत.”

“तुला दलदल नकोय ती कशासाठी?” थोरल्यांनी विचारले.

“डास.”

“डास साचलेल्या डबक्यात होतात,” शंका म्हणाली. “तुमच्या चरातही होतात, काका. बेडूक, मासे, चतुरांच्या अळ्या असल्या की कमी होतात. शून्य होत नाहीत.”

“शून्य नाहीत! ऐकलंस, दादा? स्वतःच सांगतेय. बरं, पूर थांबेल?”

“थांबणार नाही. उशिरा येईल आणि कमी उंच येईल. आत्ता डोंगरावरचं पाणी चरातून तासाभरात बॉयलरपाशी येतं. दलदलीत ते पसरेल, गवत-लव्हाळ्यात अडेल, गाळ तिथेच बसेल. किती फरक पडेल ते मोजल्याशिवाय नाही सांगता येणार.”

“आणि विहिरीचं पाणी पुन्हा चहा होईल.”

“थोडं होईल. त्याला आता कोळशाची गाळणी आहे. आजोबांच्या वेळी नव्हती.”

“हिला आपली बाजू मांडायला बोलावलंय की माझी?” ठेकेदाराने आत्याला विचारले. आत्या टेबलावरच्या न दिसणाऱ्या सुरकुत्या हाताने सारख्या करत होती.

थोरल्यांनी हात वर केला. त्यांना हा क्षण नको होता, पण त्याची तयारी त्यांनी पंधरा दिवस केली होती.

“तुझ्या-माझ्या बोलण्यावर हे ठरायचं नाही. साक्ष आहे. बाबांनी लावून दिलेली. सत्तेचाळीस वर्षं पट्ट्या पांढऱ्या. नऊ वर्षांपूर्वीपासून करड्या. नऊ वर्षांपूर्वी काय झालं, ते तुला माहीत आहे.”

ठेकेदार हसायला निघाला होता, तो मध्येच थांबला.

“मी चर खोल केला.”

“हो.”

“तू सांगितलंस म्हणून. बॉयलरच्या खोलीत गुडघाभर पाणी होतं. रात्रभर बादल्या उपसल्या मी, दादा.”

“उपसल्यास. मी दोष देत नाही. फक्त साक्ष काय म्हणते ते—”

“साक्ष मोडीत काढा, मोठे काका,” शंका म्हणाली.

थोरल्यांनी तिच्याकडे पाहिले. तिचा आवाज प्रयोगशाळेतल्यासारखा सपाट होता. तो तसा ठेवायला तिला किती कष्ट पडत होते, ते तिच्या वडिलांनीच ओळखले असते. आणि ते आता नव्हते.

“जुन्या पट्ट्या नंतर धुतल्या गेल्यात. चकाकीच्या पावडरीने. म्हणून त्या पांढऱ्या आहेत. नऊ वर्षांपूर्वी पांढरेपणात जी उडी दिसते ती पाण्याची नाही, धुण्याची आहे. मी तुम्हाला सांगितलं ते चुकीचं होतं. धाकट्या काकांच्या चराने काही बिघडलं, असं या पट्ट्यांवरून म्हणता येत नाही.”

“धुतल्या? कोणी?”

“त्याचा निष्कर्षाशी संबंध नाही.”

“मी,” आत्या म्हणाली. “आई गेली तेव्हा. मळल्या होत्या.”

सगळ्यात आधी ठेकेदार हसला. मग त्याला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आले, आणि त्याने हॉस्पिटलच्या परत आलेल्या चादरीलाच डोळे पुसले.

“अरे, काय घर आहे हे! लोकांकडे पुरावा जाळतात, पुरतात. आपल्याकडे धुऊन, इस्त्री करून, घडी घालून ठेवतात!”

आत्याही तोंडाला पदर लावून हसली, आणि तिला स्वतःलाच त्याचे नवल वाटले. शंकाही हसली, पण उशिरा. थोरले हसले नाहीत. हसण्याच्या त्या वेळात ते एक साधा हिशेब करत होते: साक्ष गेली होती, आणि नाहीतर ट्रक येऊ देत असा शब्द त्यांनी दिलेला होता.

“तू बोलली नसतीस तर मी सही केली असती,” ते शंकाला म्हणाले.

“माहीत आहे.”

“तुला हवी होती तीच.”

“ती सही तुमची झाली असती, मोठे काका. पण तिच्यामागचं कारण खोटं असतं.”

ठेकेदाराने आपला कागद दोन बोटांनी पुढे सरकवला, पण जोर न लावता. पुतणीने नुकतेच त्याच्या डोक्यावरून एक ओझे उचलले होते. अशा वेळी घाई करणे त्याच्यासारख्या माणसालाही जमेना.

दारात रोलरवर काम करणारी बाई उभी राहिली. ती रविवारी फक्त गठ्ठे भिजवायला येई. “मालक, या उशीच्या खोळीवर काहीतरी पडलंय. रक्त नाही, औषधही वाटत नाही. बॉयलर पेटवलाय मी. उकळत्यात टाकू का सोड्याच्या?”

“काय आहे ते माहीत आहे का तुला?”

“नाही ना.”

“मग उकळतं कसलं घालतेस? रक्त असेल, अंडं असेल, तर जन्मभर शिजून बसेल. थंड पाण्यात टाक. चार तास. निघालं तर निघालं, नाही निघालं तर उकळतं आहेच.”

बाई गेली. थोरले तिच्या पाठीकडे बघत राहिले. मग त्यांनी मागे वळून पाटीकडे पाहिले, अगदी पाहुण्याने पाहावे तसे.

“शंका. चर अडवायचा म्हणजे बुजवून टाकायचा का?”

“गरज नाही. लाकडी फळ्या उभ्या करायच्या. एकेका पावसाळ्यात एकेक वाढवायची. नको वाटलं तर काढून टाकता येतात.”

“आणि तुझा राडारोडा?” त्यांनी भावाला विचारले. “नको वाटलं तर?”

“दादा, ते काय काढण्यासाठी टाकतात का?”

थोरल्यांनी पेन उचलले. “मला विहिरीचं काय झालंय ते माहीत नाही. हिलाही माहीत नाही, हे हिनेच सांगितलं. तुलाही माहीत नाही. अनोळखी डाग आहे. आधी थंड पाणी.” आणि त्यांनी पाणथळ विभागाच्या कागदावर सही केली, सहीखाली स्वतःच्या अक्षरात लिहिले: तीन पावसाळ्यांपुरती.

“शब्द दिला होतास,” ठेकेदार म्हणाला. आवाज चढला नव्हता.

“दिला होता. तो मोडतोय. तुझ्या तोंडावर मोडतोय.”

*

ठेकेदार रागावून घरी जायला निघाला होता, पण गाडीची किल्ली हातात असतानाच त्याला फळ्यांची काळजी वाटू लागली. सरकारी माणसे फळ्या कशा बसवतात ते त्याने अनेकदा पाहिले होते. पाचच्या सुमाराला तो कोरडीवर पोचला तेव्हा थोरले आणि शंका आधीच चराच्या काठाने चालत होते.

चर त्याने खोल केला होता तसाच होता, सरळ आणि तीव्र उताराचा. त्याला तो अजून आवडे. दोन्ही बाजूंना पिवळे गवत, मधूनमधून काळी भेगाळ माती, आणि चराच्या तळाशी, जिथे थोडी ओल होती तिथे, लव्हाळ्याची हिरवी रांग. एक बगळा त्या रांगेत उभा होता आणि तिघांचे काहीच ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हता.

“फळ्यांसाठी खोबणी कोण करणार?” त्याने विचारले.

“विभागाचे लोक,” शंका म्हणाली.

“मग पहिल्याच पुरात फळ्या माझ्या दारात येतील.” तो चराच्या तोंडाशी, हद्दीच्या दगडाकडे गेला. पाठ दुखत होती म्हणून तो दगडावर बसला. मग त्याने पायांकडे पाहिले. पाय लोंबकळत होते.

तो उठला, पुन्हा बसला.

“दादा, हा दगड कोणी बदलला का?”

“बाबांनी पुरलेला आहे. कोण बदलणार?”

“लहानपणी आपण तिघं यावर बसायचो. मी सात वर्षांचा असेन. माझे पाय जमिनीला टेकायचे.”

थोरले जवळ आले. दगडाचा वरचा फूटभर भाग चुन्याने रंगवलेला होता, पन्नास वर्षांच्या पावसाने पुसट. त्याखाली ओबडधोबड, न घडवलेला दगड होता, आणि त्याखाली पायाची बांधणी उघडी पडली होती, जी कोणाला दिसावी म्हणून बांधलेली नव्हती. ठेकेदाराने खिशातून मोजपट्टी काढली. चुन्याच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंत सव्वादोन फूट.

“दगड तर वाढत नाही,” तो म्हणाला.

“जमीन खाली गेलीय,” शंका म्हणाली. “दलदलीची माती म्हणजे निम्मा कुजलेला पाला. पाण्याखाली असते तोवर टिकते. सुकली की आवळते, आणि हवा लागून विरत जाते.”

“म्हणजे सव्वादोन फूट जमीन उडून गेली?”

“बरीचशी. उरलेली दबली.”

“आणि अजून बसतेय?”

“चर वाहतो आहे तोवर बसणार. मात्र यावरून विहिरीबद्दल काही सिद्ध होत नाही हं, मोठे काका. फक्त जमीन खचली एवढंच.”

“तू जरा गप्प बस,” थोरले म्हणाले. “एक दिवस तरी.”

ठेकेदार ऐकत नव्हता. तो मनात गोदामाची फरशी घालत होता, आणि तिला आडव्या भेगा पडत होत्या. भिंती एका बाजूला कलत होत्या. दारे अडकत होती. आणि दहा वर्षांनी कोणीतरी विचारत होते, पाया कोणी घातला. तीस वर्षांच्या धंद्यात त्याच्या बांधकामाला भेग गेली नव्हती. ही एकच गोष्ट त्याने आजवर कोणापुढे मिरवली नव्हती, कारण ती मिरवायची गरजच पडत नसे.

त्याने मोजपट्टी मिटवली.

“मी तुमच्या बेडकांच्या बाजूचा नाही,” तो म्हणाला. “आधी सांगून ठेवतो.”

“कोणी म्हटलंय?”

“खोबणी काँक्रीटची हवी. फळ्या जाड, जुन्या सागाच्या, माझ्याकडे पडल्यात. मागून चिकणमाती ठेचून भरायची, नाहीतर पाणी खालून वाट काढतं. आणि मध्ये सांडवा ठेवायचा, तिथे.” त्याने बगळ्याकडे बोट दाखवले. बगळा शेवटी उडाला. “ट्रक उद्या दुसरीकडे पाठवतो. शंके, तुझ्या विभागाला सांग, लांबून बघा.”

थोरल्यांनी भावाच्या दंडावर हात ठेवला. शब्द मोडल्याची भरपाई अशी होत नाही, हे दोघांनाही कळत होते. ठेकेदाराने हात झटकला नाही, आणि तेवढ्यावर ते थांबले. मग दोघे भाऊ आळीपाळीने त्या दगडावर बसून पाय लोंबकळतात का ते पाहत राहिले. थोरल्यांचे जास्त लोंबकळत होते. त्याचे कारण जमिनीत नव्हते; तो नेहमीच बुटका होता, असे धाकट्याचे म्हणणे पडले.

*

पुढच्या महिन्याच्या एक तारखेपर्यंत दोन फळ्या बसल्या होत्या, आणि त्यांच्या मागे हातभर तांबूस पाणी उभे होते. त्याने काही सिद्ध झाले नव्हते, कारण विहिरीपर्यंत मुरायला त्याला किती काळ लागेल ते कोणालाच ठाऊक नव्हते. आत्या तरीही दोनदा जाऊन बघून आली होती.

तिने हौदाशी बसून पट्टी धुतली. शेजारी दुसरी पट्टी होती, ती पावसाच्या साठवलेल्या पाण्यात धुवायची.

“दोन कशाला?” तिने विचारले. “छप्पन्न वर्षं एकच होती.”

“म्हणूनच,” शंका म्हणाली. “कापड बदललं, साबण बदलला, हात बदलला, की दोन्ही पट्ट्या सारख्याच बदलतील. पाणी बदललं तर एकच बदलेल.”

“हे बाबांना कळायला हवं होतं.”

“त्यांना हवं ते उत्तर आधीच माहीत होतं.”

आत्याने यावर मान हलवली. होकार की नकार ते स्पष्ट झाले नाही. दोन्ही पट्ट्या दुपारपर्यंत वाळल्या. पावसाच्या पाण्याची पांढरी होती, विहिरीची राखेसारखी. कोपऱ्यात लाल दोऱ्याने महिना आणि वर्ष भरून आत्याने त्या नव्या पेटीत शेजारी-शेजारी ठेवल्या. जुनी पेटी तिने कपाटाच्या तळाशी सरकवली होती, आतल्या सगळ्या शुभ्र पट्ट्यांसकट. टाकून द्यायला कोणी सांगितले नव्हते आणि तिनेही विचारले नव्हते.

झाकण लावण्याआधी तिने विहिरीची पट्टी उचलली, उजेडाकडे धरली, बोटांनी चोळून पाहिली आणि परत ठेवली. मग पेटीला कुलूप घातले आणि किल्ली शंकाच्या तळहातावर ठेवली.

“तुझ्याकडे राहू दे.”

“अगं, असू दे तुझ्याजवळच. माझा विश्वास आहे तुझ्यावर.”

“माझा नाही,” आत्या म्हणाली. “किती करडी आहे गं ती. मी धुवेन.”